शांतीचें ऋण

मनुष्याला संपत्ति हवी असते, मान हवा असतो, आणि हीं दोन्ही मिळाल्यावर, किंवा मिळणार नाहींत अशी खात्री पटल्यावर, त्याला शांति हवी असते. पूर्वीं या तिसऱ्या इच्छेसाठीं लोक काशीस जात, एखाद्या मठांत जाऊन राहत, निदान सायंकाळीं देवळाच्या पायरीवर घटकाभर बसत. अलीकडे ज्यांच्या घरामागें चार हात मोकळी जागा आहे असे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ ती शांति परसांतच तयार करवून घेऊं लागले आहेत. थोडी पांढरी खडी, दोन-तीन काळे दगड, एक दगडी दीप, बांबूच्या नळींतून कुंडांत पडणारें पाणी आणि कोपऱ्यांत बुद्धाची एखादी मूर्ति, एवढी सामग्री जमली कीं तिला जपानी बाग म्हणावें आणि दिवसभराच्या दगदगीनंतर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसावें, अशी ही कल्पना आहे. ती हास्यास्पद आहे असें आम्हांला मुळींच वाटत नाहीं. उलट, दिवाणखान्यांत आणखी एक कपाट ठेवण्यापेक्षां परसांत एक दगड नीट बसविण्याची इच्छा होणें हें सुसंस्कृतपणाचेंच लक्षण आहे. परंतु या कल्पनेच्या पोटांत दोन प्रश्न आहेत आणि त्यांचा विचार फारसा कोणीं केलेला दिसत नाहीं. पहिला प्रश्न असा कीं, शांति ही मांडणीनें उत्पन्न होण्यासारखी वस्तु आहे काय? दुसरा व अधिक अवघड प्रश्न असा कीं, कुंपणाच्या आंत आपल्यापुरती शांति करून घेण्याचा अधिकार मनुष्याला आहे काय?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर ज्यांनीं ही कला वाढविली त्यांच्याकडेच गेलें पाहिजे. जपानांत उद्यानरचनेवरचा सर्वांत जुना ग्रंथ 'साकुतेइकी' हा अकराव्या शतकांतला असून तो ताचिबाना नो तोशित्सुना नांवाच्या सरदाराचा समजला जातो. या ग्रंथांत दगड कसे बसवावे या विषयाला फार मोठें स्थान आहे. ग्रंथकाराचा मुख्य उपदेश असा कीं, प्रथम एक प्रमुख दगड बसवावा आणि मग तो दगड जें मागेल त्याला अनुसरून बाकीचे बसवावे. डोंगरांत जो दगड उभा होता त्याला बागेंत आडवा करूं नये व जो आडवा होता त्याला उभा करूं नये. केल्यास त्या घराचें अकल्याण होतें, असेंहि तो बजावतो. या अकल्याणाच्या भीतीवर आमचा विश्वास नसला तरी तिच्यामागचा विवेक आम्हांला स्पष्ट दिसतो. दगडाला त्याची मूळ स्थिति विचारणारा मनुष्य तेवढ्यापुरता तरी आपल्या लहरीला आवर घालीत असतो. आणि ज्याला दगडासमोर नमतें घेतां येतें त्याला पुढें माणसांसमोरहि तें कदाचित् साधेल.

क्योतो येथील र्योआन्‌जी मठाची बाग या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. सुमारें २५ मीटर लांब व १० मीटर रुंद असें तें पांढऱ्या खडीचें अंगण आहे. त्यांत एकहि झाड नाहीं. पांच पुंजक्यांत मिळून १५ दगड आहेत, त्यांच्या पायाशीं थोडें शेवाळ आहे, आणि भोंवतालच्या खडींत दंताळ्यानें सरळ रेघा ओढलेल्या आहेत. दगडांची योजना अशी केलेली आहे कीं, ओसरीवर कोठेंहि बसलें तरी पंधरांपैकीं निदान एक दगड दुसऱ्याच्या आड राहतोच. या रचनेचे अर्थ पुष्कळांनीं पुष्कळ केले आहेत. कोणाला त्यांत समुद्रांतलीं बेटें दिसतात, कोणाला पिलांना घेऊन नदी ओलांडणारी वाघीण दिसते. करणाऱ्यानें स्वतः कांहींच सांगून ठेवलेलें नाहीं. आम्हांला या अर्थांपेक्षां तो आड राहिलेला दगड अधिक बोलका वाटतो. सर्व कांहीं एकदम आपल्या नजरेच्या ताब्यांत आलें पाहिजे, हा आपला नित्याचा हट्ट असतो आणि आपली बरीचशी अशांति या हट्टांतूनच निघते. येथें मनुष्याला चौदांवर समाधान मानून बसावें लागतें. तें त्याला साधलें तर बाग शांत आहे. न साधलें तर तो ओसरीभर फिरून पंधरावा दगड शोधील आणि आधींचा एखादा गमावून बसेल.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सारा खटाटोप कृत्रिम आहे. रानांतल्या झाडाला कोणी छाटीत नाहीं. या बागांत पाईनचे कोंवळे कोंब एकेक करून हातानें खुडतात. रानांतल्या शेवाळावर गवत उगवलें तर उगवतें. येथें तें वेंचून काढण्यासाठीं माणूस गुडघ्यांवर बसलेला असतो. निसर्गाचा भास उत्पन्न करण्यासाठीं निसर्गाशीं चाललेलें हें अखंड भांडण नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, आणि त्याच्या जवळपासचा प्रश्न त्या देशांत पूर्वींच विचारला गेला होता. चौदाव्या शतकांतला झेन पंथाचा थोर आचार्य मुसो सोसेकी (१२७५-१३५१) हा उद्यानें रचण्यांतहि निपुण होता. क्योतोच्या साइहोजी मठाची बाग त्यानें १३३९ मध्यें नव्यानें उभारली. शोगुनचा भाऊ आशिकागा तादायोशि यानें विचारलेल्या प्रश्नांना त्यानें दिलेलीं उत्तरें 'मुचू मोन्दो' या पुस्तकांत संग्रहित आहेत. त्यांत बागेचा नाद धर्मसाधनेला मारक कीं पोषक, या शंकेचा विचार करतांना तो बागा करणाऱ्यांचे प्रकार सांगतो. कोणी घराची शोभा वाढून लोकांनीं वाखाणणी करावी म्हणून बाग करतो. कोणी इतर दुर्मिळ वस्तूंबरोबर सुंदर दगडांचाहि सांठा करतो. कोणाचा स्वभावच एकांतप्रिय असतो. आणि एखादाच असा असतो कीं, ज्याला डोंगर, पाणी, गवत, झाडें आणि आपण स्वतः यांत भेदच दिसत नाहीं. शेवटीं मुसोचा निर्णय असा कीं, डोंगर व पाणी यांच्या ठिकाणीं गुण नाहीं आणि दोषहि नाहीं; जें काय आहे तें माणसाच्या चित्तांत आहे.

या निर्णयाची साक्ष खुद्द त्याच्या बागेनेंच दिली आहे. साइहोजीला आज लोक 'शेवाळ-मंदिर' म्हणून ओळखतात आणि तेथें शेवाळाच्या सुमारें १२० जाति आहेत. परंतु हें शेवाळ मुसोनें लावलेलें नव्हे. पुढील शतकांत तें सांवलींत व ओलाव्यांत आपोआप पसरत गेलें. म्हणजे ज्या गोष्टीनें ती बाग जगप्रसिद्ध झाली ती कोणाच्याहि आराखड्यांत नव्हती. १९७७ पासून तेथें आगाऊ अर्ज केल्याशिवाय प्रवेश मिळत नाहीं, आणि पाहुण्यांना बागेंत जाण्यापूर्वीं सूत्र लिहावयास बसविण्याची रीत आहे. आधीं चित्त, मग बाग, हाच तो क्रम आहे.

सारांश, पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं असें देऊं: मांडणीनें शांति उत्पन्न होत नाहीं, मात्र योग्य मांडणी शांतीला यावयास जागा करून देते. दगड, खडी व पाणी यांच्यावर खर्च केलेल्या पैशाचा तिच्याशीं कांहींच संबंध नाहीं. त्या मांडणींत आपण आपला किती हट्ट सोडला, एवढाच तिच्याशीं संबंध आहे.

पुष्कळ लेखक येथेंच थांबतात. सर्व कांहीं चित्तावर अवलंबून आहे असें एकदां म्हटलें कीं दुसऱ्या प्रश्नाची जरूरच उरत नाहीं आणि मनुष्य निश्चिंतपणें आपल्या खुर्चीकडे परत जातो. आम्हांला तसें करतां येत नाहीं. कारण या बागांचा इतिहास चित्ताजवळ थांबत नाहीं, तो कुंपणाबाहेर जातो.

१४६०-६१ मध्यें जपानांत भयंकर दुष्काळ पडला. खेड्यांतले भुकेले लोक क्योतोंत लोटले आणि रस्त्यांत मरून पडूं लागले. शहरांतील एका भिक्षूनें प्रत्येक प्रेतावर लांकडाचा एक लहानसा स्तूप ठेवीत जाऊन मृतांची संख्या मोजली व ती ८२,००० भरली, अशी नोंद त्या काळच्या एका रोजनिशींत आहे. त्याच वेळीं शोगुन आशिकागा योशिमासा हा आपला राजवाडा नव्यानें सजविण्यांत गुंतलेला होता. सम्राट गो-हानाझोनो याच्या हातांत सत्ता कांहींच उरलेली नव्हती. त्यानें चिनी धाटणीची एक कविता लिहून शोगुनला या गोष्टीची लाज आणून दिली. पुढें १४६७ ते १४७७ या दहा वर्षांच्या ओनिन युद्धांत क्योतोची राखरांगोळी झाली. आणि त्या राखेच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशीं, १४८२ पासून योशिमासानें आपल्या निवृत्तीसाठीं तो प्रासाद बांधावयास घेतला, ज्याला आज जग गिन्काकुजी म्हणून ओळखतें. त्यासाठीं कर व वेठ लोकांवरच बसविली गेली. तेथील उद्यान अप्रतिम आहे याविषयीं दुमत नाहीं. योशिमासाची अभिरुचि अत्यंत सूक्ष्म होती. चहाचा विधि, पुष्परचना व चित्रकला या सर्वांवर तिचा ठसा आहे. प्रश्न अभिरुचीचा नव्हेच. इतकें सूक्ष्म पाहणाऱ्या डोळ्यांना रस्ता कां दिसूं नये, हा प्रश्न आहे.

आणि हें उद्यानाचें काम कोणाच्या हातून होत होतें? ज्यांना 'कावारामोनो', म्हणजे नदीकांठचीं माणसें, म्हणत त्यांच्या हातून. नदीच्या पुरांत बुडणाऱ्या, कर नसलेल्या वाळवंटांत तीं राहत. मेलेलीं जनावरें सोलणें, कातडीं कमावणें हीं कामें तीं करीत, आणि त्यामुळें समाजांत अपवित्र मानलीं जात. माती उकरणें, दगड हालविणें हींहि कामें त्यांच्याकडेच आलीं आणि त्यांतून कित्येक जण अलौकिक उद्यानकार झाले. झेन्‌आमि हा त्यांतलाच. योशिमासानें त्याला आश्रय दिला, त्याच्या आजारांत औषध पाठविलें. परंतु त्याची जात होती तेथेंच राहिली. त्याचा नातू माताशिरो हाहि याच धंद्यांतला. १४८९ मध्यें त्यानें काढलेले उद्गार शोकोकुजी मठांतील एका भिक्षूनें आपल्या रोजनिशींत नोंदवून ठेवले आहेत. खाटकाच्या कुळांत जन्म आल्याचें आपल्याला मनापासून दुःख आहे, म्हणून आपण कोणत्याहि जिवाची हत्या न करण्याचा आणि धनाचा लोभ न धरण्याचा निश्चय केला आहे, असें तो म्हणाला. बागेंत बसून जी वृत्ति साधण्याचा यत्न मोठमोठे लोक करीत होते ती या माणसाला बाग करतांकरतांच साधली होती. आणि त्या बागेच्या ओसरीवर त्याची जागा नव्हती. र्योआन्‌जीच्या पंधरा दगडांपैकीं एकाच्या मागल्या अंगाला दोन नांवें कोरलेलीं आहेत. तीं अशाच दोघा कामकऱ्यांचीं असावींत, असें विद्वान् मानतात. त्यांपैकीं एक 'कोतारो' असें वाचतां येतें. ओसरीवर बसणाऱ्याला तीं दिसत नाहींत.

हें वाचून महाराष्ट्रीय वाचकांनीं जपानला नांवें ठेवण्याची घाई करूं नये. आपल्या जुन्या वाड्यांना परस होतें. त्यांत मोरीच्या पाण्यावर अळू व केळी वाढत, विहिरीशेजारीं प्राजक्त असे, आणि परसदारीं एक अरुंद बोळ असे. त्या बोळांतून कोण येत असे, काय उचलून नेत असे, आणि त्याला पुढच्या दारीं येण्याची कां मुभा नव्हती, हें सांगण्याची गरज नाहीं. चोखोबांची समाधि पंढरपुरास महाद्वाराबाहेर आहे, आंत नाहीं. स्वच्छता, सौंदर्य आणि शांति यांचा लाभ एकानें घ्यावयाचा व त्यांची घाण दुसऱ्यानें वाहावयाची, ही वांटणी कोणत्याहि एका देशाची नव्हे.

तर मग बाग करूंच नये काय? आम्ही असें म्हणत नाहीं. जगांत एकहि मनुष्य दुःखी असेपर्यंत दुसऱ्यानें फुलाकडे पाहूं नये, हा नियम ऐकावयास उदात्त असला तरी त्यानें दुःखिताचें दुःख तिळमात्र कमी होत नाहीं. फक्त एक फूल फुकट जातें. शिवाय चार हात जागेच्या गृहस्थाला शोगुनचें माप लावणें हाहि अन्याय होईल. आमचें म्हणणें एवढेंच कीं, शांतीचें खरें स्वरूप ओळखूनच तिचा उपभोग घ्यावा. आणि तें स्वरूप ओळखण्यास जपानी उद्यानकलेंतलाच एक शब्द उपयोगी पडण्यासारखा आहे.

तो शब्द 'शाक्केइ'. म्हणजे उसनें घेतलेलें दृश्य. कुंपणापलीकडचा डोंगर, दूरचें रान, यांना बागेच्या रचनेंत असें गोंवावयाचें कीं तीं बागेचाच भाग वाटावींत. क्योतोच्या उत्तरेस एन्त्सूजी नांवाचा मठ आहे. सतराव्या शतकांत निवृत्त सम्राट गो-मिझुनोओ याचें तें विश्रामस्थान होतें. पुढें शेवाळ व सपाट दगड, मग ठेंगणें कुंपण, मग उंच वृक्षांचे चार-सहा सरळ बुंधे, आणि त्यांच्या मधून दिसणारा हिएइ पर्वत, अशी तेथील योजना आहे. पर्वत काढून घेतला तर ती बाग उरत नाहीं. आणि पर्वत तर मठाच्या मालकीचा नाहीं. शहर वाढत चाललें तसें मधल्या जागेंत उंच इमारती येऊन तो झांकला जाण्याचें भय उत्पन्न झालें. अखेर २००७ मध्यें क्योतो नगरपालिकेनें नियम करून, त्या दृश्याच्या आड येईल अशा बांधकामाच्या उंचीवर व रंगरूपावर निर्बंध घातले. याचा अर्थ असा कीं, त्या ओसरीवर जो घटकाभर शांत बसतो त्याच्यासाठीं कोणींतरी आपल्या घराचा मजला चढविलेला नाहीं. तो गृहस्थ त्याला माहीत नाहीं. पण बागेंत तो आहेच.

मराठींत 'उसनें' आणि 'कर्ज' हे शब्द आपण वेगळे वापरतों. कर्ज सावकाराकडून काढतात; उसनें शेजाऱ्याकडून आणतात. कर्जाचा हिशेब लिहिलेला असतो. उसनें नेलेल्या वाटीभर साखरेचा हिशेब मनांत असतो, आणि म्हणूनच तें परत न करणाऱ्याची पत अधिक जाते. आमच्या मतें बागेंतली सारीच शांति या अर्थानें उसनी आहे. ती डोंगराकडून, शेजाऱ्याच्या संयमाकडून, दगड बसविणाऱ्याच्या पाठीकडून, आणि गुडघ्यांवर बसून गवत वेंचणाऱ्याच्या बोटांकडून आलेली आहे. आपल्या धर्मग्रंथांत देव, ऋषि व पितर यांचीं तीन ऋणें सर्वश्रुत आहेत; परंतु शतपथ ब्राह्मणानें मनुष्यांचें एक चौथें ऋण सांगितलें आहे, आणि तें घरीं आलेल्याला आसरा व अन्न देऊन फेडावें असें म्हटलें आहे. मालकीचा दस्तऐवज हातीं आला म्हणून हें ऋण फिटत नाहीं.

या दृष्टीनें ओकायामा शहरांतील कोराकुएन या उद्यानाची कथा मोठी बोधप्रद आहे. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याच्या आज्ञेवरून १६८७ मध्यें तें सुरू झालें व १७०० मध्यें पुरें झालें. किल्ल्याच्या मागल्या बाजूस, नदीपलीकडे असल्यामुळें त्याला सुरवातीस 'गोकोएन' म्हणत. त्याचा सरळ अर्थ मागची बाग, म्हणजे आपली परसबागच. त्यांत विस्तीर्ण हिरवळ आहे, तळीं आहेत, आणि भाताचें व चहाचें शेतहि आहे. १८७१ मध्यें त्याचें नांव बदलून 'कोराकुएन' असें करण्यांत आलें. हें नांव अकराव्या शतकांतील फान चुंग-येन या चिनी राजपुरुषाच्या एका निबंधावरून घेतलेलें आहे. राज्यकर्त्यानें काळजी जगाच्या आधीं करावी आणि सुख जगाच्या मागून भोगावें, असा त्यांतला आशय आहे. त्यांतलें 'मागून भोगावयाचें सुख' तेवढें या नांवांत आलें. मागची बाग ती मागून उपभोगावयाची बाग झाली. ज्या १८७१ सालीं हें नामकरण झालें त्याच सालीं जपानांतलीं सरंजामी संस्थानें बरखास्त झालीं, आणि त्याच सालीं अपवित्र मानलेल्या जातींचा हीन दर्जा कायद्यानें रद्द झाला. व्यवहारांतला दुजाभाव मात्र पुढें कित्येक पिढ्या टिकला. १८८४ मध्यें हें उद्यान सरकारकडे जाऊन सर्व लोकांना खुलें झालें. १९३४ च्या महापुरानें आणि १९४५ च्या बाँबवर्षावानें त्याची दुर्दशा केली, व जुन्या चित्रांच्या आधारानें तें पुन्हां उभें करण्यांत आलें. सुख मागून भोगण्याचा उपदेश सरदारानें नांवांत घातला. तो अमलांत यावयास दरवाजा उघडावा लागला.

पुण्यांत सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नांवाचें जें उद्यान आहे तें याच कोराकुएनच्या धर्तीवर रचलेलें आहे. सुटीच्या दिवशीं तेथें गर्दी होते, मुलें ओरडतात, आणि शांतीच्या शोधांत आलेले कांहीं सभ्य गृहस्थ कपाळाला आंठ्या घालतात. आम्हांला त्या आंठ्या पटत नाहींत. ज्यांच्या घराला परस नाहीं, पुष्कळदां एकाहून अधिक खोलीहि नाहीं, त्यांना हिरवळीच्या कडेला बसावयास मिळालें म्हणून जी थोडी शांति भंगते, ती भंगण्यासारखीच होती.

आतां ज्याच्या घरामागें चार हात जागा आहे त्यानें काय करावें? आम्ही उद्यानशास्त्रज्ञ नव्हें. तथापि वरील विचारांतून जें सहज निघतें तें सांगतों. दख्खनच्या कोरड्या हवेंत शेवाळ जगवावयाचें तर चैत्र-वैशाखांत त्याला अखंड पाणी घालावें लागेल, आणि त्याच महिन्यांत गांवच्या दुसऱ्या टोंकाला बायका टँकरची वाट पाहत असतील. त्यापेक्षां पाण्यावांचून पाणी सुचविणारी खडीची बाग, जिला जपानी लोक 'कारेसान्सुइ' म्हणतात, ती आपल्या हवेला आणि सदसद्विवेकबुद्धीला अधिक मानवेल. नदीच्या पात्रांतून उपटून आणलेले गोटे विकत घेण्याऐवजीं आपल्याच जागेंत पाया खणतांना निघालेला काळा दगड वापरावा; तो तेथलाच असल्यामुळें त्याला परकें वाटणार नाहीं. कुंपण इतकेंच उंच असावें कीं शेजाऱ्याचा वारा व आकाश अडूं नये. आणि जो माळी उन्हांत बसून आपली शांति रोज झाडून लख्ख करतो, त्याला वेतन द्यावें हें तर खरेंच; परंतु काम संपल्यावर त्याला त्याच ओसरीवर, त्याच दृश्यासमोर, चहाचा पेला हातांत घेऊन बसतां यावें. तें आपल्या घरांत अशक्य वाटत असेल तर बागेच्या आराखड्यांत कोठें तरी चूक आहे आणि ती दगड हालवून दुरुस्त होणार नाहीं.

कोणी म्हणेल, इतका हिशेब मनांत ठेवून बसलें तर शांति मिळावयाची कशी? आम्हांला उलट वाटतें. ज्याला आपण कोणाचें देणें लागतों हें ठाऊक आहे आणि जो तें फेडीत आहे, त्याला झोंप लागते. विसरण्याचा प्रयत्न करणाऱ्यालाच ती लागत नाहीं. र्योआन्‌जीच्या ओसरीवर बसणाऱ्याला पंधरावा दगड दिसत नाहीं. पण तो आहे हें माहीत असूनहि तो स्वस्थ बसूं शकतो. दगडाच्या मागल्या अंगावर नांवें कोरलेलीं आहेत हेंहि त्यानें माहीत करून घ्यावें. त्यानें त्या स्वस्थपणांत उणेपणा येणार नाहीं. तो स्वस्थपणा खरा होईल.